अर्धशिशी: रोजची गोळी की सुया? दोन्ही करून पाहिलेल्याचं मत

"सर, तुमचं डोकं कशाने कमी झालं, गोळीने की सुयांनी?" हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला शिक्षकखोलीत विचारला, सोसायटीच्या जिन्यात विचारला, आणि एकदा ठाण्याच्या अलीकडे गाडी अडकली होती तेव्हा लोकलमध्ये शेजारच्याने विचारला. उभ्या उभ्या दोन वाक्यांत याचं उत्तर देता येत नाही. म्हणून एकदा बसून नीट लिहितो. सुया म्हणजे ॲक्युपंक्चर, अंगावरच्या ठरावीक जागी बारीक सुया टोचण्याचा चिनी उपचार.

अर्धशिशी ज्यांना आहे त्यांना ती समजावून सांगायला नको. डोळ्यामागचा ठणका, उजेड नको, फोडणीचा वास नको, शेवटी उलटी, मग अंधाऱ्या खोलीत पडून राहणं. ते सगळं सोडून देतो. पण तुलना नेमकी कशाची आहे, तेवढं आधी स्पष्ट करतो. डोकं चढलं की घ्यायची गोळी वेगळी, आणि डोकं चढूच नये म्हणून रोज घ्यायची गोळी वेगळी. पहिल्या बाबतीत माझ्या मते तुलनाच नाही. सकाळी आठच्या गाडीत घाटकोपरला डोळ्यापुढे झिगझॅग रेषा दिसायला लागल्या, तर खिशातली सुमाट्रिप्टानची गोळीच उपयोगाची. ती मी आजही जवळ ठेवतो. प्रश्न आहे तो दुसऱ्या बाबतीतला, म्हणजे महिन्यात इतके दिवस डोकं धरतं की रोज काहीतरी करणं भाग आहे, तेव्हा काय करायचं याचा.

आमच्या घरी या दुखण्याला कोणी अर्धशिशी म्हटलंच नाही. "पित्त झालंय" एवढंच. आई सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायची, आमसुलाचं सार द्यायची, आणि उलटी झाली की "पडलं पित्त, आता बरं वाटेल" म्हणायची. उलटीनंतर खरंच बरं वाटायचं, त्यामुळे पित्तावरचा विश्वास पक्का झाला. नोकरी लागल्यावर लेप गेला आणि पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी महिन्यातले सोळा-सतरा दिवस दुखण्याची गोळी घेत होतो आणि तरी डोकं दुखतच होतं.

शेवटी महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात न्यूरॉलॉजीच्या ओपीडीला गेलो. केसपेपर काढून बाकड्यावर तीन तास बसलो. आत गेल्यावर सात-आठ मिनिटं मिळाली असतील, पण त्या सात-आठ मिनिटांचं ऋण मी विसरणार नाही. डॉक्टरांनी डोळ्यांत यंत्राने पाहिलं, गुडघ्यावर हातोडी मारली, एका रेषेत चालायला लावलं, आणि मग विचारलं, "दुखण्याच्या गोळ्या महिन्यातून किती दिवस घेता?" मी आकडा सांगितला तसे म्हणाले, "यातली निम्मी डोकेदुखी गोळ्यांनीच आणलेली आहे." साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस, किंवा सुमाट्रिप्टानसारखी गोळी दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की औषधच डोकं दुखवायला लागतं. हे मला वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. सुया टोचणाऱ्यांकडे मी आधी गेलो असतो तर तिथे नाडी पाहिली असती, जीभ पाहिली असती, पण हा प्रश्न कोणी विचारला असता का, याची मला खात्री नाही.

म्हणून पुढे मी काहीही म्हणालो तरी एवढं धरून चला की निदान डॉक्टरांकडेच करून घ्यायचं. आयुष्यात कधी नव्हतं असं डोकं एकाएकी फुटल्यासारखं दुखलं, सोबत ताप येऊन मान आखडली, हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, दिसायचं कमी झालं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं डोकं सुरू झालं, तर ॲक्युपंक्चरचा विचारही करायचा नाही, सरळ रुग्णालय गाठायचं.

डॉक्टरांनी मला नोंद ठेवायला सांगितली. वेगळी वही माझ्याकडून झाली नसती. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर दूध किती घेतलं आणि सिलिंडर कधी लावला हे लिहिलेलं असतंच. त्याच चौकोनात मी लाल पेनाने टिंब द्यायला लागलो. डोकं धरलं की टिंब, उलटीपर्यंत गेलं की टिंबाभोवती गोल. या लेखात मी जे काही सांगतोय त्याचा पुरावा म्हणजे ही पानं, दुसरं काही नाही.

आता रोजच्या गोळ्या. प्रोप्रॅनोलॉल मला चाललं नसतं, कारण लहानपणी दमा होता. पहिली मिळाली ती फ्लुनारिझिन. टिंबं थोडी कमी झाली, पण वजन चार महिन्यांत पाच किलोने वाढलं आणि झोप आवरेना. मुलुंडला उतरायचं ते डोंबिवलीला जाग आली, असं दोनदा झालं. मग टोपिरामेट. पंचवीस मिलिग्रॅमने सुरुवात, आठवड्या-आठवड्याने वाढवत सकाळ-संध्याकाळ पन्नास. आणि खरं सांगायचं तर या गोळीने काम केलं. महिन्याला अकरा टिंबं होती ती पाच-सहावर आली. बोटांना मुंग्या यायच्या, सोडा प्यायलो तर फुळकवणी लागायचा, मुतखडा होऊ नये म्हणून पाणी भरपूर प्यावं लागायचं. हे सगळं मी आनंदाने सोसत होतो. दोन महिने मला वाटलं की सुटलो.

मग शब्द जायला लागले.

बावीस वर्षं मी परळच्या एका शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवतो. त्या दिवशी दहावीच्या वर्गावर उपमा अलंकार घेतला होता. फळ्यावर 'मुख' आणि 'चंद्र' असे दोन शब्द लिहिले. चंद्राखाली 'उपमान' लिहिलं. मुखाखाली लिहायला हात उचलला आणि तिथे शब्दच नव्हता. विसरलो म्हणावं असंही ते नव्हतं. विसरलेला शब्द जिभेच्या टोकावर तरी असतो, त्याचं पहिलं अक्षर तरी आठवतं. इथे जागाच रिकामी होती. खडू फळ्याला टेकलेला, पाठीमागे वर्ग शांत. हजारदा उच्चारलेला शब्द. किती वेळ गेला कोण जाणे. दुसऱ्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "उपमेय ना, सर?" मी लिहिलं आणि पुढे शिकवत राहिलो, पण तास संपल्यावर माझे हात थरथरत होते.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागलो. घरी दूध वर आलं तेव्हा बायकोला म्हणालो, "ती दे पटकन, ती... गरम पातेलं उतरवतात ती..." तिने सांडशी हातात दिली आणि माझ्याकडे बघत राहिली. स्टाफ मीटिंगमध्ये 'इतिवृत्त' सापडेना. पेपर तपासताना मुलांच्या वाक्यातली चूक दिसायची, पण तिला काय म्हणतात ते पेनातून उतरायला वेळ लागायचा. माझ्या वडिलांना शेवटच्या तीन वर्षांत विस्मरण झालं होतं. त्यांची सुरुवातही अशीच झाली होती, वस्तूंची नावं जाण्यापासून. रात्री जागा राहून मी मनातल्या मनात समास सोडवत बसायचो, सगळे आठवतात ना हे बघायला. डोकं दुखत नव्हतं, पण जे डोकं घेऊन मी वर्गात जातो तेच हातातून निसटत होतं.

पुढच्या तारखेला डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, हसण्यावारी नेलं नाही. या गोळीने काही जणांचं असं होतं, मेंदूला कायमची इजा नसते, डोस कमी केला की शब्द परततात, असं सांगून त्यांनी डोस निम्म्यावर आणला. शब्द बरेचसे परतले आणि त्यांच्याबरोबर टिंबंही परतली. मार्चच्या पानावर नऊ.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. आमच्याच शाळेतल्या विज्ञानाच्या बाई हीच गोळी दोन वर्षं घेत आहेत. त्यांना नुसत्या मुंग्या येतात, शब्द एकही गेलेला नाही, आणि डोकं जवळपास बंद आहे. त्यांच्यासाठी ती उत्तम गोळी आहे. माझ्यासाठी ती असह्य ठरली ती माझ्या कामामुळे. तुमचं पोट शब्दांवर नसेल तर तुम्हाला हा त्रास कदाचित जाणवणारही नाही. मूल होण्याचा विचार असलेल्या बायकांनी मात्र टोपिरामेटबद्दल डॉक्टरांशी आधी बोलायलाच हवं, गर्भाला ती धोक्याची आहे.

पुढे पर्याय होते. ॲमिट्रिप्टिलीन नावाची रोजची गोळी होती, पण तिनेही झोप येते म्हणतात, आणि फ्लुनारिझिनने दिलेली झोप आठवून मी बिचकलो. अर्धशिशीत डोकं दुखवणाऱ्या सीजीआरपी नावाच्या द्रव्याला रोखणारी नवी इंजेक्शनं होती, पण तो खर्च शिक्षकाच्या पगारात बसत नव्हता. सुयांचा विषय मीच काढला. डॉक्टर म्हणाले, "करून बघा. निदान झालेलं आहे म्हणून हो म्हणतोय. गोळी मात्र मी सांगेन तशीच कमी करायची."

ॲक्युपंक्चरचं नाव काढलं की आपल्याकडे डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचं नाव निघतं. सोलापूरचे कोटणीस इथे परळलाच, जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये शिकले, १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ च्या डिसेंबरात, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. पण ते तिथे जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते, सुयांचं काम त्यांचं नव्हतं. सुया भारतात आणल्या त्या त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू यांनी. ते पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून आले. माझी शाळा जी. एस. मेडिकलपासून चालत दहा मिनिटांवर आहे. रोज त्या फाटकावरून जाताना मला हे सगळं ठाऊक नव्हतं, याचं वाईट वाटलं.

कोणाकडे जायचं, हा ॲक्युपंक्चरमधला सगळ्यात अवघड भाग. महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र मान्यता दिली आणि नोंदणीसाठी राज्याची परिषद आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. मी पहिल्यांदा ज्या क्लिनिकात गेलो तिथल्या भिंतीवर थायरॉइडपासून वंध्यत्वापर्यंत पंचवीस रोगांची यादी होती. तिथल्या गृहस्थांनी माझी फाइल उघडली नाही. आधी सगळ्या गोळ्या आजपासून बंद करा, मग वीस सिटिंगचे पैसे आगाऊ भरा, असं म्हणाले. मी पाणी पिऊन निघालो. जो गोळ्या बंद करायला सांगतो त्याच्याकडे थांबायचं नाही, हे मी तुम्हाला हात जोडून सांगतो. अर्धशिशीत फार तर टिंबं वाढतील, पण रक्तदाब, साखर किंवा फिट्सची गोळी कोणी अशी सोडली तर जिवावर बेतेल.

दुसरीकडे, दादर पश्चिमेला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ज्या मॅडम भेटल्या त्यांनी आधी एमआरआयचा रिपोर्ट वाचला, गोळ्यांची यादी लिहून घेतली, रक्त पातळ होण्याचं औषध चालू आहे का, पेसमेकर आहे का, हे विचारलं. बारा सिटिंग करू, सहा झाल्यावर टिंबं मोजू, काहीच फरक नसेल तर मीच थांबा म्हणेन, असं त्या म्हणाल्या. याच बोलण्यावर मी तिथे टिकलो.

सुयांची भीती घेऊन बसलेल्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो. सुई रक्त काढण्याच्या सुईसारखी पोकळ नसते. जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची, भरीव, प्रत्येक वेळी नवी. पाकीट आपल्यासमोर फोडतात, काम झालं की सुई वापरलेल्या सुयांच्या वेगळ्या डब्यात जाते. ते दिसलं नाही तर उठून या. मॅडम प्लास्टिकची बारीक नळी कातडीवर टेकवायच्या, वरून बोटाने टिचकी. टोचल्याचं कळतं न कळतं. मग त्या सुई बोटांत धरून किंचित फिरवायच्या आणि विचारायच्या, "आलं का?" पहिल्या दिवशी मला कळलंच नाही काय यायचंय. तिसऱ्या वेळी आलं. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या मांसात, ज्या जागेला हेगू म्हणतात, तिथे एक जड, बोथट ठणका उठला आणि मनगटाकडे सरकला. दुखलं असं म्हणवत नाही. ओलं घोंगडं अंगावर टाकावं तसं जडपण होतं. चिनी वैद्य त्याला 'द ची' म्हणतात आणि ते आल्याशिवाय सुई लागली असं धरत नाहीत.

मग मानेत, कवटीच्या कडेखाली दोन खळगे असतात तिथे दोन सुया, कानशिलात दोन, पायाच्या अंगठ्याशेजारच्या खाचेत दोन. दिवा बंद, पंखा हळू, पंचवीस मिनिटं हलायचं नाही. खाली रस्त्यावर भाजीवाल्यांचा गलका चालू असायचा आणि तरी चौथ्या सिटिंगपासून मला तिथे झोप लागायला लागली. फ्लुनारिझिनच्या झोपेसारखी ही झोप अंगावर चढून बसत नसे. उठलो की स्वच्छ जाग असायची.

एक गोष्ट मला फार वेधक वाटली. मॅडमनी भिंतीवरच्या तक्त्यावर एक रेषा दाखवली. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून निघते, कानावरून वळसे घेत डोक्याच्या बाजूने मानेपर्यंत येते, खांद्यावरून उतरत पायाच्या चौथ्या बोटापर्यंत जाते. बोट ठेवून दाखवा म्हटलं तर माझी अर्धशिशी मी तंतोतंत त्याच रेषेवर दाखवली असती. त्या रेषेचं नाव पित्ताशयाची वाहिनी. आणि माझं निदान त्यांच्या भाषेत, यकृताचा यांग, म्हणजे उष्ण शक्ती, वर चढलाय. मला आईचं "पित्त चढलंय" आठवलं. दोन देशांतल्या जुन्या लोकांनी एकाच दुखण्यात उलटीही पाहिली, कपाळाची शीरही पाहिली आणि ठपका पोटातल्या एकाच कोपऱ्यावर ठेवला. हा योगायोग असेल. पित्ताशय आणि अर्धशिशी यांचा संबंध आजचं शरीरशास्त्र मानत नाही, ते डोक्यातल्या ट्रायजेमिनल मज्जातंतूकडे बोट दाखवतं, आणि तसल्या वाहिन्या कापून कोणाला सापडलेल्या नाहीत. तरी त्या तक्त्यापुढे उभं असताना आपलं दुखणं कोणीतरी फार पूर्वी बारकाईने न्याहाळलंय, असं वाटून मला धीर आला.

धीर आला म्हणून डोकं थांबलं का, ही शंका रास्त आहे आणि ती मी स्वतःला अनेकदा विचारली. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली अर्धशिशीवरच्या २२ चाचण्या एकत्र तपासल्या, जवळपास पाच हजार रुग्णांच्या. प्रत्येक तुलनेच्या चाचण्या वेगळ्या, म्हणून सुयांचा आकडा दर वेळी वेगळा दिसेल. ज्यांना सुया दिल्या त्यांच्यात शंभरातल्या ४१ जणांची डोकेदुखी निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली, आणि फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत शंभरातल्या १७ जणांची. रोजच्या गोळ्यांशी तुलना केली तेव्हा तीन महिन्यांनी सुयांकडे ५७, गोळ्यांकडे ४६. सहा महिन्यांनी ५९ आणि ५४, म्हणजे अंतर जवळजवळ मिटलं. पण खरा पेच पुढे आहे. खोट्या सुया, म्हणजे भलत्या जागी वरवर टोचलेल्या किंवा टोचल्याचा नुसता भास देणाऱ्या, त्यांनीही शंभरातल्या ४१ जणांना तेवढाच फरक पडला. त्याच तुलनेत खऱ्या सुयांनी ५०. फरक आहे, पण तो थोडा आहे. म्हणजे नेमक्या बिंदूला जितकं महत्त्व मॅडम देतात तितकं बहुधा नसावं. पडून राहणं, स्पर्श, अपेक्षा, कोणीतरी अर्धा तास आपल्याकडे लक्ष देणं, याचाही त्यात मोठा वाटा असावा. मला ते मान्य आहे. त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट दिसली आणि माझ्या दृष्टीने तीच मोलाची: दुष्परिणामांना कंटाळून उपचार सोडणारे सुयांच्या बाजूला कमी होते. मी गोळीच्या बाजूने सोडून आलेला माणूस होतो.

आता माझी टिंबं. एप्रिलमध्ये सात, मे मध्ये तीन. मे बघून हुरळू नका, शाळेला सुट्टी होती, लोकल नव्हती, पेपर तपासून झाले होते. मी तो महिना धरतच नाही. जूनमध्ये शाळा उघडली, पाऊस, डब्यातली ओली गर्दी, आणि तरी चार. जूनच्या अखेरीला डॉक्टरांनी टोपिरामेट पूर्ण बंद केलं. जुलैत चार, ऑगस्टमध्ये पाच. ऑक्टोबरच्या उन्हात सहामाहीचे पेपर आले आणि सातवर गेली, मग दोन सिटिंग जादा घेतल्या आणि नोव्हेंबरात चार. म्हणजे सुयांनी मला टोपिरामेटपेक्षा फार जास्त दिलं असं नाही. साधारण तेवढंच दिलं. पण शब्द नेले नाहीत. जुलैत रूपक आणि उत्प्रेक्षा शिकवताना मी मुद्दाम फळ्याकडे पाठ करून, नोट्स न बघता तास घेतला.

सुयांची गैरसोय लपवत नाही. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा दादरला उतरायचं, जिना चढायचा, मग सातच्या गर्दीत पुन्हा गाडी पकडायची. घरी पोहोचायला साडेआठ. बारा सिटिंगचे मिळून आठ हजार चारशे झाले, आणि माझ्या मेडिक्लेममधून त्यातला एक रुपयाही मिळाला नाही. गोळ्यांना महिन्याला याच्या पासंगालाही खर्च येत नव्हता. कधी सुई काढल्यावर निळा डाग राहतो. एकदा उपाशीपोटी गेलो तर घेरी आली, तेव्हा काहीतरी खाऊन जा. छातीवर आणि खांद्यावर खोल सुई गेली तर फुफ्फुसाला इजा झाल्याची उदाहरणं आहेत, फार विरळा, पण म्हणूनच शिकलेला हात हवा. गरोदर बायकांना हेगूची सुई देत नाहीत, आधी सांगायला विसरू नका. आणि हे कायमचं बरं करणं नव्हे. मी अजूनही तीन-चार आठवड्यांनी एकदा जातो.

चिनी औषधांच्या पुड्यांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ओळखीच्या एकाने हाँगकाँगहून अर्धशिशीच्या काळ्या गोळ्यांची बाटली आणून दिली. पूर्ण चिट्ठी चिनी लिपीत. मी ती डॉक्टरांपुढे ठेवली, त्यांना वाचता आली नाही, मॅडमनाही नाही. त्यांनी सरळ सांगितलं की आमची मान्यता सुयांपुरती, हे घेऊ नका. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी घेतलेल्या चिनी वनस्पतींच्या मिश्रणात एकीच्या जागी दुसरीच, ॲरिस्टोलोकिया जातीची वनस्पती गेली आणि कितीतरी बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. दोन्हींची चिनी नावं सारखी होती, घोटाळा तिथेच झाला.

याचा अर्थ चिनी वनस्पतींत काही नाही असं मुळीच नाही. आपल्या मुंबईत पावसाळ्यात फाल्सिपारम मलेरिया झाला तर ज्या आर्टेमिसिनिनच्या जातीच्या औषधाने माणूस वाचतो, ते तू यूयू या चिनी बाईंनी शोधलं. जुन्या वैद्याच्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्या असं होतं. उकळल्याने गुण जात असावा हे त्यांनी त्यातून ओळखलं आणि कमी तापमानाला अर्क काढला. २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं. पण तिथे पुडीतलं नेमकं द्रव्य वेगळं काढलं, मोजलं, तपासलं. माझ्या बाटलीतलं कोणी मोजलं होतं? ती बाटली मी न उघडता परत केली.

मग तुम्ही काय करावं? दुखण्याच्या गोळ्या महिन्यात दहा-पंधरा दिवस जात असतील तर आधी न्यूरॉलॉजिस्ट, दुसरं काही नाही. निदान झालं, रोजची गोळी सुरू झाली आणि ती मानवली, तर सुयांसाठी दादरचे जिने चढायची गरज मला दिसत नाही. विज्ञानाच्या बाईंना मी तेच सांगितलं. पण गोळी लागू पडूनही तुमचं काही हिरावून घेत असेल, वजन असो, झोप असो, माझ्यासारखे शब्द असोत, तर डॉक्टरांना सांगून सहा-आठ सिटिंग करून बघायला हरकत नसावी. आधी महिनाभर टिंबं द्या, म्हणजे नंतर मोजता येतील. मोजल्याशिवाय आठ हजार घालू नका. परीक्षेचा, सणाचा किंवा सुट्टीचा महिना त्यासाठी निवडू नका. मला पुन्हा पहिल्यापासून ठरवायला सांगितलं तर मी डॉक्टर न बदलता, फ्लुनारिझिन आणि टोपिरामेटच्या मधे कुठेतरी मॅडमकडे गेलो असतो, म्हणजे ती दहावीची तुकडी मला पूर्ण मिळाली असती.

आज एकवीस तारीख. या महिन्याच्या पानावर तीन टिंबं आहेत, गोल एकालाही नाही.